रामबागानच्या इंदुबालादेवी

कलकत्त्यास बदली होऊन आलेला महाराष्ट्रीय गृहस्थ बिऱ्हाड लागले, मुलांच्या शाळेचे जमले आणि बाजारातला मासळीवाला ओळखू लागला, की हळूहळू येथील गाण्याची चौकशी करू लागतो. या चौकशीत त्याला पहिले समाधान मिळते ते असे, की या शहराने आपल्या गायिकांची कदर केलेली आहे. केसरबाई केरकरांना १९४८ साली ‘सूरश्री’ ही पदवी दिली ती कलकत्त्याच्या रसिकांनी. हे ऐकून आपल्याला बरे वाटते. इतके बरे वाटते, की या शहराने स्वतःसाठी काय गाइले आणि कोणाच्या गळ्यातून गाइले हे विचारण्याचे आपण विसरून जातो. रवींद्रसंगीत तेवढे कानांवर पडते, कारण ते टाळू म्हटले तरी टळत नाही. आताशा ते चौकातल्या सिग्नलवरही वाजते. त्यापलीकडे आपणांपैकी फार थोड्यांची मजल जाते. आमचीही गेली नव्हती.

काही वर्षांपूर्वी फ्री स्कूल स्ट्रीटवरील (नकाशात आता मिर्झा गालिब स्ट्रीट, बोलण्यात नाव जुनेच) जुन्या तबकड्यांच्या एका दुकानात आम्ही पावसामुळे अडकून पडलो. दुकानदाराने वेळ जावा म्हणून एक तबकडी लावली. पद ओळखीचे निघाले. पाणवठ्यावर कृष्णाने केलेल्या खोडीची गोपीची ती तक्रार आमच्या पिढीला पाठ आहे, कारण १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये लता मंगेशकरांनी ती गाइली. पण हा आवाज निराळा होता आणि ढंगही निराळा. चित्रपटातली राजदरबारी सावकाशी येथे नव्हती. आवाज उंच, उघडा, किंचित नाकाकडे झुकलेला, शब्द टपोरे, आणि तक्रार करणाऱ्या बाईला त्या तक्रारीची मनातून मौज वाटते आहे हे प्रत्येक मुरकीत कळत होते. दुकानदार म्हणाला, “ही इंदुबाला. सिनेमाच्या आधी पुष्कळ वर्षे.” म्हणजे १९३० नंतरच्या दशकातील गोष्ट. पाऊस थांबला तरी आम्ही दुसरी बाजू ऐकूनच निघालो.

त्यानंतर जेवढे मिळाले तेवढे ऐकले आणि बंगाली मित्रांना त्रास देऊन जेवढे कळले तेवढे जाणून घेतले. इंदुबालादेवींवर मराठीत काही लिहिले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बंगालीत लिहिले गेले आहे, पण तेथेही एक सूर वारंवार लागतो व तोच आम्हांला खटकतो. तो सूर असा : बाईंचा गळा ख्याल-ठुमरीचा होता, तालीम अव्वल होती, पण नाटके, बोलपट, रेडिओ आणि कंपनीच्या तबकड्या यांत त्यांनी स्वतःला वाटून टाकले, एका ठिकाणी ठाण मांडले असते तर फार मोठ्या झाल्या असत्या. हळहळ प्रामाणिक आहे. तथापि ती चुकीच्या जागी खर्च होत आहे असे आमचे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठी हा लेख.

इंदुबालेचा जन्म १८९९ च्या नोव्हेंबरात अमृतसर येथे झाला. कलकत्त्याच्या मुलीचा जन्म पंजाबात होण्याचे कारण सर्कस. प्रियनाथ बोस यांनी १८८७ साली ‘ग्रेट बेंगॉल सर्कस’ काढली. त्याच घरातील मोतीलाल बोस हे इंदुबालेचे वडील आणि त्या सर्कशीत झुल्यावरील कसरती करणारी राजबाला ही तिची आई. गायिकेचे मूळ सर्कशीत निघावे याचे मराठी वाचकाला तरी नवल वाटू नये. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली तीच मुळी ग्वाल्हेरीस हद्दूखाँकडे गाणे शिकून आलेल्या माणसाने. आणि पुढे त्या हद्दूखाँचे वेडेपिसे झालेले चिरंजीव रहिमतखाँ यांना छत्र्यांनी सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव हिंडवले आणि लोकांना ऐकवले. तंबूतल्या वाघसिंहांच्या शेजारी ग्वाल्हेर गायकीचा तो अलौकिक गळा महाराष्ट्राने ऐकला आहे. करमणूक आणि कला यांच्यामध्ये आज आपण जी भिंत मानतो ती त्या काळी तंबूच्या कापडाइतकीच जाड होती.

मुलीच्या जन्मानंतर राजबालेने सर्कस सोडली व ती कलकत्त्यास रामबागानात राहिली. मोतीलाल बोसांचे लक्ष पुढे या मायलेकींकडे राहिले नाही. राजबाला गाणे शिकली आणि गाण्यावर जगू लागली. उत्तर कलकत्त्यातील या रामबागानाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकतीत ते पुनःपुन्हा येणार आहे. मिनर्व्हा थिएटर ज्या बीडन स्ट्रीटवर आहे त्याच परिसरातली ही वस्ती. वाङ्मयाच्या इतिहासात रामबागान प्रसिद्ध आहे ते तेथील दत्त घराण्यामुळे. एकविसाव्या वर्षी निवर्तलेली आणि तेवढ्यात इंग्रजी-फ्रेंच साहित्यात नाव करून गेलेली तोरू दत्त याच घरातली. रमेशचंद्र दत्तही याच घराण्यातले, आय. सी. एस. अधिकारी, अर्थशास्त्राचे इतिहासकार, शिवकालावर ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी लिहिणारे, आणि अखेर सयाजीरावांच्या बडोद्यास दिवाण होऊन १९०९ साली तेथेच देह ठेवणारे. परप्रांताचा इतिहास आपल्या भाषेत आणणाऱ्या या गृहस्थांचे आपणां बदलीवाल्यांवर ऋण आहे; पण तो निराळा विषय. सांगावयाचे ते हे, की त्याच रामबागानाला दुसरीही एक ओळख होती, आणि लोकांच्या तोंडी तीच अधिक होती. सोनागाछीच्या शेजारची ती वेश्यावस्ती होती. इंदुबाला वाढली ती या दुसऱ्या रामबागानात.

मुलीने परिचारिका व्हावे अशी आईची इच्छा होती व तिला त्या शिक्षणासाठी पाठविण्यातही आले. ते तिने अर्धवट सोडले. मग गाण्याची रीतसर तालीम सुरू झाली. गौरीशंकर मिश्र हे तिचे पहिले महत्त्वाचे गुरू, ते सारंगिये. सारंगियाकडून शिकलेल्या गळ्याची एक खूण असते : स्वरावरून स्वरावर जाताना मधली वाट तो कधी रिकामी सोडत नाही. इंदुबालादेवींच्या तबकड्यांत ही खूण कान देऊन ऐकणाऱ्याला सापडते. पुढे प्रत्यक्ष गौहरजानने तिला शिकवले. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यास प्रथम ध्वनिमुद्रण करण्यास आले तेव्हा गाइलेल्या पहिल्या काही कलावंतांतील ही गौहरजान. तबकडीच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव ठणकावून सांगणारी. ही नाव सांगण्याची रीत अभिमानासाठी पडलेली नव्हती. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ती सोय होती. गौहरजानने त्या सोयीचे जे केले ते मात्र तिचे स्वतःचे.

इंदुबालेची पहिली तबकडी १९१६ च्या सुमाराची. त्या काळच्या बंगाली तबकड्यांवर गाणाऱ्याच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ असे छापण्याची रीत होती. गाण्याचे पैसे घेणारा तो धंदेवाईक आणि न घेणारा तो सभ्य, असा त्यामागील हिशेब. तबकडीच्या कागदी वर्तुळावर जागा ती केवढी. तीत गाण्याचे नाव, रागाचे नाव, क्रमांक यांच्या जोडीला अब्रूचे हे प्रमाणपत्रही बसवावे लागत होते. इंदुबालेने त्यापुढे आयुष्यभर गाण्याचे पैसे घेतले आणि त्यांवर घर चालवले.

१९२२ साली राजबालेने एक धाडस केले. ‘रामबागान फीमेल काली थिएटर’ या नावाची केवळ स्त्रियांची नाटक मंडळी तिने उभारली. नट्या वस्तीतल्याच, पुरुषांच्या भूमिकाही त्याच करीत आणि इंदुबालेनेही केल्या. आपल्याकडे बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या नाटक मंडळ्या होऊन गेल्या, तेथेही पुरुषपार्टी बायका होत्या. त्यामुळे कल्पना आपल्याला अपरिचित नाही. परंतु वस्तीचे नाव मंडळीच्या नावात पहिल्यांदा घालणे, आणि तेही कलकत्त्यासारख्या शहरात तिकिटे विकताना, याला निराळे धैर्य लागते. मंडळी फार काळ टिकली नाही. इंदुबाला नंतर स्टार व इतर व्यावसायिक रंगभूमींवर गेली.

येथे मराठी वाचकासाठी एक फरक ध्यानात आणून द्यावासा वाटतो. बंगाली व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया १८७३ पासून उभ्या राहिल्या आणि त्या बहुतेक अशाच वस्त्यांतून आल्या. मराठी रंगभूमीने या प्रश्नाला बगल देऊन बालगंधर्व निर्माण केले. कुलीन स्त्रिया रंगमंचावर आल्याचा टप्पा म्हणून आपण १९३३ सालचे ‘आंधळ्यांची शाळा’ सांगतो. बंगालने स्त्रीला रंगभूमी आधी दिली खरी, पण नाव देताना हात आखडला. विनोदिनी दासीच्या त्यागावर १८८३ साली जे थिएटर उभे राहिले त्याला तिचे नाव द्यावयाचे ठरले होते; पाटी लागली ती ‘स्टार’ची. पुढे हातीबागानात उभ्या राहिलेल्या स्टारला विनोदिनीचे नाव देण्याची घोषणा व्हावयास २०२४ सालची अखेर उजाडावी लागली. एकशे चाळीस वर्षांत शहराचे स्वतःचे नावदेखील कलकत्त्याचे कोलकाता होऊन गेले.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. १९२० ते १९४० या वीस वर्षांत गाणाऱ्या माणसापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला, आणि हळहळ करणारे टीकाकार तो ध्यानात घेत नाहीत. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधील अंतर या काळात दर चार-दोन वर्षांनी बदलत गेले. बैठकीत श्रोता हातभरावर. त्याची मान हललेली दिसते, त्याच्या ‘वाहवा’वर पुढील तान ठरते. रंगभूमीवर तोच श्रोता शंभर फुटांवर अंधारात, आणि ध्वनिक्षेपक नाही. शेवटच्या बाकावरच्या चार आण्यांच्या गिऱ्हाइकापर्यंत शब्द पोचवायचा तर गळ्यापेक्षा छातीचे काम जास्त. जुन्या ध्वनिमुद्रणात श्रोताच नाही. पत्र्याच्या कर्ण्यापुढे उभे राहून त्यात आवाज कोंबायचा, वरच्या स्वराला मान मागे घ्यायची, खालच्या स्वराला पुढे सरकायचे, आणि हे सर्व तीन-साडेतीन मिनिटांत आटोपायचे. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि कर्ण्यासाठी कमावलेले बळ एकाएकी दोष ठरू लागले. १९२७ च्या ऑगस्टात कलकत्त्याचे रेडिओ केंद्र सुरू झाले. इंदुबाला त्याच्या अगदी आरंभीच्या गायिकांतील. रेडिओवरचा श्रोता पुन्हा हातभरावर, परंतु अदृश्य, आणि कदाचित जेवत असलेला. पाठोपाठ बोलपट आले.

ही सर्व अंतरे एकाच गळ्याने सांभाळावयाची होती. बरेच जण एका अंतराला गाऊ शकले व दुसऱ्यापुढे हतबल झाले. नाटकातील मोठमोठे गायक मायक्रोफोनपुढे ओरडल्यासारखे वाटतात, हा अनुभव आपल्याकडील जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यालाही आहे. इंदुबालादेवी मायक्रोफोनच्या काळातील तबकड्यांत आवाजाचा फेक कमी करतात, पण शब्दाचा उठाव कमी करीत नाहीत. ओळीचा आरंभ त्या नेहमी जरा ठासून करतात. ते रंगभूमीचे शिक्षण. मग ओळीच्या उत्तरार्धात आवाज सैल सोडतात आणि तेथे सारंगीची वाट दिसू लागते; ते बैठकीचे शिक्षण. आणि तीन मिनिटांचा हिशेब तर त्यांच्याइतका नेमका आम्ही क्वचितच कोठे ऐकला असेल. अस्ताई-अंतरा होऊन ध्रुवपदाला परत येताना त्यांच्याजवळ नेहमी एक श्वास शिल्लक असतो. तबकडी संपते तेव्हा गाणे कापले गेले असे वाटत नाही. ते तेवढेच होते असे वाटते.

यांत नझरुल इस्लाम यांचा वाटा मोठा. कवी नझरुल ग्रामोफोन कंपनीत गीते बांधून ती गायकांकडून बसवून घेण्याचे काम करीत असत. ठुमरीचे मर्मज्ञ जमीरुद्दीनखाँ हेही त्याच कचेरीत. इंदुबालादेवींना त्यांचीही तालीम मिळाली. फारसी गझलेचा ढंग, ठुमरीचे बोलबनाव, श्यामासंगीताची आर्तता असे नाना प्रवाह नझरुलांनी बंगाली गीतात आणले, आणि ही गीते गाण्यास दोन्ही भाषा जिभेवर असलेली गायिका हवी होती. इंदुबाला, आंगुरबाला आणि कमला झरिया ही त्या काळातील त्रयी. आंगुरबालांचा आवाज अधिक मऊ, ऐकताक्षणी आवडणारा. कमला झरियांच्या गळ्यात लोकगीताचा ओलावा. इंदुबालांचे गाणे या दोघींपेक्षा कोरडे वाटते हे आम्ही मान्य करतो. पहिल्या ऐकण्यात तर ते आम्हांला काहीसे रुक्षही वाटले होते. पण नझरुलांच्या चालीतले अवघड वळण, जेथे बंगाली शब्दाचा आघात एकीकडे ओढतो आणि हिंदुस्थानी रागाचा न्यास दुसरीकडे, तेथे शब्दही मोडू नये व रागही मोडू नये अशी जी वाट इंदुबाला काढतात ती आम्हांस इतर दोघींत आढळली नाही. १९४२ साली नझरुलांना आजाराने गाठले आणि त्यांची वाणी गेली. ते पर्व तेथे संपले.

दोषही सांगितले पाहिजेत. कंपनीला माल हवा असे आणि तो बाईंनी पुरवला. त्यामुळे ठरावीक हरकत ठरावीक जागी टाकून काम भागविलेल्या तबकड्याही आहेत. एकापाठोपाठ पाच-सहा ऐकल्या तर अंतऱ्यातील तीच ती तान ओळखू येते. बोलपटांतील कामगिरीबद्दल आम्ही फारसे लिहू इच्छीत नाही. बंगाली व हिंदी पुष्कळ चित्रपटांत त्यांनी कामे केली, पण बहुधा दुय्यम भूमिका आणि एखादे गाणे एवढाच त्यांचा विस्तार.

यावर कोणी म्हणेल, आणि मराठी वाचक तर म्हणेलच, की केसरबाईंनी असे केले असते काय? केसरबाई तडजोडीला तयार नव्हत्या. आकाशवाणीपासून त्या दूर राहिल्या, तबकडीच्या तीन मिनिटांचा त्यांना तिटकारा होता, आणि श्रोत्याने त्यांच्याकडे जावे, त्यांनी श्रोत्याकडे नव्हे, अशी त्यांच्या मैफलीची शिस्त होती. (१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून पृथ्वीचा आवाज म्हणून अंतराळात गेली ती मात्र त्यांची साडेतीन मिनिटांची तबकडीच. नियतीलाही थट्टा करता येते.) कलकत्त्याने त्यांना सूरश्री केले ते योग्यच केले. त्या मानदंडाने मोजले तर इंदुबालादेवी उण्या ठरतात यात शंका नाही. पण तो मानदंड ज्याच्या हातात आहे त्याला आमचा प्रश्न आहे, की शेवटच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाचे काय? ज्याला मैफलीत प्रवेश नव्हता, ज्याच्या घरी कर्ण्याचा फोनो शेजाऱ्याकडून रविवारी मागून आणला जाई, त्याच्यापर्यंत राग पोचला तो कोणत्या वाटेने? बालगंधर्वांच्या नाट्यगीतांनी जे महाराष्ट्रात केले तेच काम आहे हे. नाट्यसंगीताला आपण आज कमी लेखीत नाही; एके काळी आपल्या पंडितांनीही त्याला ‘नाटकी गाणे’ म्हणून नाके मुरडली होती. बंगालची ही गायिका मात्र अजून ‘असती तर मोठी झाली असती’ या वाक्यात अडकून पडलेली आहे.

आणि त्या हळहळीच्या तळाशी गाण्याखेरीज आणखी काही आहे, असा आमचा संशय आहे. तो रामबागानाच्या पत्त्यापर्यंत जातो.

सरकारी नोकरीतल्या वाचकाला प्रत्येक कागदावरील ‘कायमचा पत्ता’ हा रकाना ठाऊक आहे. तेथे आपण ज्या गावी वर्षातून आठ दिवसही राहत नाही त्याचे नाव अभिमानाने लिहितो. इंदुबालादेवींच्या आयुष्यात हा रकाना बदलण्याची संधी पुनःपुन्हा आली. नाव झाले, पैसा आला, संस्थानिकांची बोलावणी आली. १९३६ साली म्हैसूर दरबाराने त्यांना दरबारगायिका म्हणून नेमले. हेच ते म्हैसूर, जेथे त्यांची गुरू गौहरजान अखेरच्या दिवसांत दरबारी गायिका म्हणून गेली आणि १९३० च्या जानेवारीत वारली. कलकत्त्यापासून दूर, एकाकी. शिष्या सहा वर्षांनी त्याच दरबाराची मानकरी झाली. पण ती बोलावण्यापुरती म्हैसूरला जाई आणि परत रामबागानला येई. दुसऱ्या चांगल्या वस्तीत घर करणे तिला अशक्य नव्हते. तिने ते केले नाही. विचारणाऱ्याला आपण रामबागानच्या आहोत असे त्या उघड सांगत आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

याचे आम्ही भाबडे कौतुक करू इच्छीत नाही. वस्ती सोडून गेलेल्या, नाव बदललेल्या, मुलांना निराळ्या शाळेत घातलेल्या कलावंत स्त्रियांनी काही चूक केली असे मुळीच नाही. गोव्याच्या कलावंत समाजाने ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेऊन, शिकून, संघटित होऊन जो पालट घडविला तो विसाव्या शतकातील आपल्याकडील एक थोर सामाजिक पराक्रम आहे, आणि केसरबाई स्वतः त्याच समाजाच्या. दोन वाटा आहेत; ज्यांना जगावयाचे होते त्यांनी आपापली निवडली. पण पहिली वाट आपल्याला सोयीची जाते, कारण तीत श्रोत्याला काही आठवावे लागत नाही. दुसऱ्या वाटेने जाणारी बाई श्रोत्याला आपला पत्ता विसरू देत नाही. मग तिच्या गाण्यात ‘काहीतरी राहून गेले’ असे त्याला वाटू लागते. आम्ही असे म्हणत नाही की सर्व टीका यातूनच आली. पण ज्या लेखात गाण्याचे एकही उदाहरण न देता ‘वाया गेलेली प्रतिभा’ असा निर्णय दिलेला आढळतो, तेथे निर्णय कानाने दिला की पत्त्याने, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

तिच्या स्वभावाविषयी जुन्या माणसांकडून ऐकावयास मिळते ते सारे याच्याशी जुळते. बोलणे रोखठोक, वागणे घरगुती, शिष्य-शिष्यांना जेवू घातल्यावाचून न सोडणे. म्हाताऱ्या कलावंतांविषयी अशा गोष्टी नेहमीच सांगतात, म्हणून त्यांवर आम्ही फार भार देत नाही. गाण्यात मात्र हा स्वभाव आम्हांला स्पष्ट ऐकू येतो. लाडिकपणा त्यांना येत नाही. विरहाची ठुमरी असो, की कालीमातेची विनवणी, आवाज कधी लोचट होत नाही. आम्ही वर जो कोरडेपणा म्हटला तो हाच असावा. पुढे पुढे तोच आम्हांला आवडू लागला.

उतारवयातील मान उशिरा का होईना मिळाले. १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार झाला, १९७६ साली ग्रामोफोन कंपनीने सोन्याची तबकडी दिली. कमला झरिया १९७९ साली गेल्या. १९८४ साली आधी आंगुरबाला आणि मग, ३० नोव्हेंबरला, इंदुबाला. त्रयीतील दोघी एकाच वर्षात संपल्या.

त्यांच्या तबकड्या आता दुकानांत दुर्मीळ झाल्या असल्या तरी पुष्कळ गाणी संग्राहकांच्या कृपेने घरबसल्या ऐकावयास मिळतात. त्यासाठी आमच्यासारखे पावसात अडकण्याची गरज नाही. वाचकांनी आरंभ मात्र एकट्या नझरुलगीताने करू नये. आधी एखादा हिंदी दादरा ऐकावा, शब्द कळतात म्हणून. मग लगेच एक नझरुलगीत, शब्द न कळले तरी. आणि मग पुन्हा तो पहिला दादरा. दुसऱ्या खेपेस तबकडीची खरखर कानांआड होते आणि ओळ संपल्यावर शिल्लक राहिलेला तो श्वास ऐकू येऊ लागतो.